मुंबई हायच्या रिग आणि प्लॅटफॉर्मवरचे प्रदूषणाचे कागद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हायचं तेलक्षेत्र आहे. तिथल्या रिगवर, प्लॅटफॉर्मवर आणि सप्लाय बोटींवर नव्याने रुजू होणाऱ्यांना, तसंच न्हावा-उरणच्या बाजूने माल आणि कचरा हाताळणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नोंदवह्यांतली प्रत्यक्ष नोंद इंग्रजीतच करायची असते. इथली उदाहरणं समजावण्यापुरती मराठीत आहेत.

रिग एका जागी उभी असते. मग तिला जहाजाचे नियम का?

कारण जहाजांच्या प्रदूषणाबाबतच्या मार्पोल करारात 'जहाज' या शब्दात स्थिर आणि तरंगते प्लॅटफॉर्मही धरलेले आहेत. तेलाविषयीच्या पहिल्या परिशिष्टातला 39 वा नियम खास त्यांच्यासाठी आहे. 400 टनांवरच्या, टँकर नसलेल्या जहाजाला जी सामग्री लागते, ती शक्य तिथवर प्लॅटफॉर्मवरही हवी आणि तेल किंवा तेलकट पाणी सोडण्याच्या प्रत्येक कामाची नोंद हवी, असं तो सांगतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ओढून नेल्या जाणाऱ्या आणि पाय समुद्रतळावर टेकवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगकडे तेलप्रदूषण प्रतिबंधाचं प्रमाणपत्र, म्हणजे आयओपीपी, असतं. त्याची मुदत पाच वर्षांची. दरवर्षी सर्व्हे होतो आणि तो ठरलेल्या तारखेच्या तीन महिने आधी किंवा नंतर चालतो.

याशिवाय आपल्या देशाचे कायदे वेगळे लागतात : पर्यावरण (संरक्षण) नियम; 2016 चे घातक कचरा नियम; आणि 2008 चे समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे नियम, ज्यांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे ओआयएसडी, पाहते.

तेलकट पाण्याची मर्यादा 15 पीपीएम की 40 मिलिग्रॅम?

दोन्ही. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. पाणी कुठून आलं यावर मर्यादा ठरते. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

इंजिनरूम, जनरेटर, पंप यांच्या खालून गोळा होणारं बिल्ज पाणी मार्पोलखाली येतं. ते फिल्टरमधून गेल्यावर, पाणी मिसळून पातळ न करता, त्यात तेल 15 पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये.

विहिरीतून तेलाबरोबर वर येणारं पाणी, म्हणजे प्रोड्यूस्ड वॉटर, मार्पोलच्या 'विसर्ग' या व्याख्येतून बाहेर ठेवलं आहे. समुद्रतळातून खनिज काढताना थेट जे बाहेर पडतं, ते किनाऱ्याच्या देशाने आपल्या कायद्याने सांभाळायचं. आपल्याकडे त्याची मर्यादा अशी : प्रक्रिया केलेल्या पाण्यात, पातळ न करता, 95 टक्के निरीक्षणांत तेल 40 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, आणि कधीही 100 च्या वर नाही.

प्रोसेस डेकवरच्या (जिथे तेल, वायू आणि पाणी वेगळं करतात) गटारांचं पाणी तिसऱ्या वर्गात मोडतं. तेही मार्पोलच्या 15 पीपीएमखाली येत नाही, पण म्हणून ते मोकळं सुटलेलं नाही. चूक होते ती ड्रेनच्या नकाशात. दुरुस्तीच्या वेळी इंजिनरूमची एखादी लाइन प्रोसेस ड्रेनला जोडली जाते, नकाशा जुनाच राहतो, आणि 15 पीपीएमचं पाणी 40 च्या नियमाने जातं. पाइपमध्ये बदल झाला की त्याच दिवशी ड्रेनचा नकाशाही बदला. तपासणीत दोन्ही समोरासमोर धरून पाहतात.

ऑइल रेकॉर्ड बुक कशी भरायची?

तेलाच्या कामांच्या या नोंदवहीच्या पहिल्या भागात कामांच्या प्रकारांसाठी 'ए' ते 'आय' अशी नऊ अक्षरं आहेत. रिगवर रोज लागतात ती सहा-सात. 'सी' म्हणजे स्लज, म्हणजे इंधन आणि वंगण शुद्ध करताना उरणारा तेलकट गाळ : जमा, हलवणं, जाळणं, किनाऱ्यावर देणं. 'डी' म्हणजे बिल्ज पाणी हाताने पंप चालू करून सोडणं किंवा हलवणं, 'ई' म्हणजे तेच आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने. 'एफ' म्हणजे फिल्टर यंत्र बंद पडणं आणि पुन्हा सुरू होणं. 'जी' म्हणजे अपघाताने झालेली गळती. 'एच' म्हणजे डिझेल किंवा मोठ्या प्रमाणात वंगण तेल भरणं. 'आय' म्हणजे इतर सगळं.

'सी'ची साप्ताहिक नोंद (11.1 ते 11.4) करायची ती फक्त आयओपीपीच्या पुरवणीत 3.1 खाली ज्या टाक्या लिहिल्या आहेत त्यांचीच. टाकीचं नाव पुरवणीत जसं छापलं आहे तसंच, अक्षरशः तसंच लिहा. रिगवर सगळे 'छोटी स्लज टाकी' म्हणतात म्हणून वहीत तसं लिहिलं, तर बाहेरून आलेल्या सर्व्हेअरला ती टाकी कागदावर सापडतच नाही.

बिल्ज पाणी सोडल्याची नोंद अशी दिसते : 'डी 13 – 1.6 घनमीटर, बिल्ज होल्डिंग टाकीतून, टाकीची क्षमता 12 घनमीटर, उरलेलं 3.1 घनमीटर. 14 – सुरू 09:10, बंद 11:00. 15.1 – 15 पीपीएम यंत्रातून, सुरुवातीचं आणि शेवटचं स्थान.' रिग हलत नसल्यामुळे दोन्ही स्थानं एकच असतील, तरी दोन्ही लिहायची.

प्रत्येक कामाखाली ते करणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि तारीख. पान भरलं की खाली मास्टरची किंवा रिगच्या प्रमुखाची सही. मधे रिकामी ओळ सोडू नका. पेन्सिल आणि पुसता येणारी शाई चालत नाही. ध्वजदेशाने (रिगची नोंदणी ज्या देशात आहे त्याने) मान्यतेचं पत्र दिलं असेल तर 1 ऑक्टोबर 2020 पासून इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही चालते. पण ते पत्र रिगवर हवं. ते नसेल तर त्या नोंदी ग्राह्य धरत नाहीत.

नोंद चुकली किंवा राहून गेली तर?

चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ अशी ओढा की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख, आणि पुढे बरोबर नोंद. पांढरा पट्टा, खाडाखोड, पान फाडणं यांनी साधी चूक लपवाछपवी वाटू लागते.

राहून गेलेली नोंद मागच्या जागेत कोंबायची नाही. आजच्या तारखेला 'आय' अक्षराखाली 'आधी राहून गेलेली नोंद' असं लिहून, काम ज्या दिवशी झालं ती तारीख आणि पूर्ण तपशील द्या. उशिरा पण खरी लिहिलेली नोंद समजून घेतली जाते. जुन्या तारखेने मागून घातलेली नोंद मात्र शाईच्या आणि सहीच्या फरकाने पकडली जाते.

तपासणारा वहीत नेमकं काय शोधतो?

अक्षर नाही, आकडे. तो वेळ आणि पंपाची क्षमता यांचा गुणाकार करतो आणि तो लिहिलेल्या घनमीटरशी ताडून पाहतो. फिल्टर ताशी 1 घनमीटरचा असेल आणि वहीत दोन तासांत 3.2 घनमीटर सोडल्याची नोंद असेल, तर उरलेलं 1.2 घनमीटर कुठून गेलं, हा पहिला प्रश्न. मग फिल्टर टाळून पाणी सोडायला वेगळा पाइप जोडला होता का, हे पाहायला तो फिल्टरच्या बाजूच्या फ्लँजकडे, म्हणजे पाइपच्या सांध्याकडे, जातो.

दुसरा हिशोब स्लजचा. स्लज टाकीचा आकार ठरवताना डिझेलसाठी रोजच्या खपाच्या 0.005 पट इतका स्लज धरतात. रोज 12 टन डिझेल जाळणाऱ्या रिगवर तो साधारण 60 लिटर, महिन्याला 1.8 घनमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होईल. पण चार महिने 'सी'खाली जवळजवळ शून्य दिसत असेल तर प्युरिफायर (इंधन शुद्ध करणारी यंत्रं) चालत नाहीत किंवा नोंद खोटी आहे, यापैकी एक खरं असतं.

तिसरा पुरावा यंत्राचा. नव्या पद्धतीचं 15 पीपीएम अलार्म यंत्र तारीख, वेळ, अलार्म आणि फिल्टर चालू-बंद हे स्वतःच साठवतं आणि ते 18 महिने राहतं. यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर आणि वही जागतिक वेळेवर असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. मग प्रत्येक नोंद खोटी वाटते. वेळ कोणती, ते वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. यंत्राचं अचूकतेचं प्रमाणपत्रही सोबत ठेवा, त्याची मुदत बहुधा विसरली जाते.

सप्लाय बोटीकडून डिझेल घेताना कोणते कागद लागतात?

सुरू करण्याआधी दोन्हीकडच्यांनी सही केलेली तपासणी यादी : होजच्या दाबचाचणीचं प्रमाणपत्र, दोन्ही बाजूंच्या टाक्यांतली मोकळी जागा, ताशी दर, थांबवण्याची खूण, रेडिओचा चॅनल, डेकवरच्या पाणी वाहून जाण्याच्या भोकांना (स्कपर) बुचं लावलेली, शोषक सामग्री हाताशी. गळतीचं नेहमीचं कारण म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत टाकी भरत आलेली असताना दर कमी न करणं. दुसरं, बोट लाटेने दूर गेल्यावर होजवर येणारा ताण.

काम झालं की 'एच 26' खाली जागा, सुरू-बंद वेळ, प्रकार, टाकीनिहाय भर आणि टाकीतला एकूण साठा लिहा. इंधनाची डिलिव्हरी नोट तीन वर्षं ठेवायची, नमुना किमान 12 महिने. इंधनात गंधकाची मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून 0.50 टक्के आहे. नोटवरची टनसंख्या आणि वहीतला आकडा यांत घनतेचा फरक येऊ शकतो, म्हणून ज्या तापमानाला घनता धरली ते तापमान लिहा.

ड्रिलिंगचा मड आणि कटिंग्ज समुद्रात टाकता येतात का? त्यासाठी काय जपून ठेवायचं?

मड म्हणजे विहीर खणताना आत सोडलेला द्रव, कटिंग्ज म्हणजे त्याबरोबर वर येणारे खडकाचे तुकडे. पाण्यावर आधारित मडच्या धुतलेल्या कटिंग्ज अटींसह टाकता येतात. डिझेलवर आधारित मडला सरळ बंदी आहे. विहिरीच्या खास अडचणीसाठी कमी विषारी तेलाचा मड वापरायचा असेल तर त्यात ॲरोमॅटिक संयुगांचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत हवं, मंत्रालयाला आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं लागतं, आणि त्याच्या कटिंग्ज समुद्रात अजिबात जात नाहीत. त्या योग्य थरात परत दाबायच्या किंवा किनाऱ्यावर आणायच्या.

फाइलमध्ये हे हवं :

– मडमधल्या रसायनांच्या विषारीपणाचा अहवाल. 96 तासांचं एलसी-50 मूल्य (ज्या प्रमाणाला चाचणीतले निम्मे जीव मरतात ते) 30,000 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर. हा आकडा जितका मोठा तितकं रसायन निरुपद्रवी, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही आणि 'मर्यादा ओलांडली' अशी उलटी टीप लिहिली जाते.
– बराइटच्या (मड जड करणाऱ्या खनिजाच्या) प्रत्येक खेपेचं प्रमाणपत्र : पारा किलोमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. गोणीवरचा बॅच क्रमांक आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकच आहे का, ते माल उतरवतानाच पाहा. नंतर गोण्या फोडलेल्या असतात.
– सहासंयुजी क्रोमियमचं संयुग वापरलं नसल्याचं पुरवठादाराचं पत्र.
– टाकल्याची वेळ आणि दर. सरासरी मर्यादा प्रत्येक विहिरीला ताशी 50 बॅरल, म्हणजे सुमारे 8 घनमीटर, आणि तेही अधूनमधून.
– तेल असलेल्या थरातून आलेल्या कटिंग्जमधलं तेल किलोमागे 10 ग्रॅमच्या आत असल्याची चाचणी.

हिशोब विहिरीच्या मापाशी जुळला पाहिजे. सव्वाबारा इंची विहीर 1,000 मीटर खणली तर खडकाचं मूळ आकारमानच सुमारे 76 घनमीटर, म्हणजे जवळपास 480 बॅरल. 50 बॅरलच्या दराने ते टाकायला साडेनऊ तासांहून जास्त लागतात, शिवाय भिंती ढासळल्या तर माल वाढतो. वहीत त्याच टप्प्यासाठी चार तास लिहिले असतील तर दर मोडला गेला आहे किंवा वेळ अंदाजाने टाकली आहे.

उरलेला मड एकदम समुद्रात सोडून देणं आणीबाणीशिवाय बंद आहे. रिग हलवण्याची घाई ही आणीबाणी नव्हे. विहीर संपायच्या आठवडाभर आधी बोटीवर मडच्या टाक्या मागवून ठेवल्या, तर ही वेळ येत नाही.

प्रोड्यूस्ड वॉटरचे नमुने कसे घ्यायचे?

दर आठ तासांनी एक असे दिवसाला तीन, आणि त्यांची सरासरी म्हणजे त्या दिवसाचं एक निरीक्षण. 32, 38 आणि 47 आले तर सरासरी 39, दिवस बसला. 41, 39 आणि 46 आले तर 42, दिवस गेला. महिन्याचा हिशोब धरला तर 30 पैकी एकच दिवस वर जाऊ शकतो. दोन गेले की 93 टक्के होतात.

नमुना थंड करण्याचं समुद्राचं पाणी मिसळण्याच्या आधीच्या नळातून घ्या. बाटली काचेची, रुंद तोंडाची. नमुन्याच्या पाण्याने ती विसळू नका, काठोकाठ भरू नका, लगेच ॲसिड घालून सामू (पीएच) 2 च्या खाली आणा आणि थंड ठेवा. तेल काचेला चिकटतं, म्हणून प्रयोगशाळेने बाटलीतलं सगळं पाणी वापरून बाटलीही द्रावकाने धुवून घ्यायला हवी. अर्धी बाटली दुसरीत ओतून केलेली चाचणी आकडा कमी दाखवते. असा कमी आलेला आकडा पाहून खुश होऊ नका, त्याने खरी अडचण फक्त पुढे ढकलली जाते.

कचऱ्याचं काय?

प्लॅटफॉर्मवरून आणि त्याच्या 500 मीटरच्या आत असलेल्या कुठल्याही जहाजावरून कचरा समुद्रात टाकायला बंदी आहे. एकच सूट : किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, 25 मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलेलं अन्न. मुंबई हाय या अंतराच्या बरंच बाहेर आहे, म्हणून तिथे चालतं. पण जाळी फाटलेली असेल तर सूटही गेली. ग्राइंडरच्या देखभालीची नोंद म्हणूनच मागतात. तळणीचं तेल वेगळ्या वर्गात येतं आणि ते कायम किनाऱ्यावरच जातं.

गार्बेज रेकॉर्ड बुकमध्ये आकारमान घनमीटरमध्ये लिहायचं असतं. प्लास्टिक दाबून बांधलं असेल तर दाबल्यानंतरचं माप लिहा आणि दरवेळी तीच पद्धत ठेवा.

स्लज, वापरलेलं तेल, तेलकट चिंध्या न्हाव्याला उतरवताना?

बोटीवर चढवल्याची यादी, रिगच्या वहीतली नोंद आणि घातक कचऱ्याचा फॉर्म 10 (मॅनिफेस्ट), हे तिन्ही कागद जुळले पाहिजेत. मॅनिफेस्टच्या सात रंगीत प्रती असतात. पांढरी पाठवणारा प्रदूषण मंडळाला देतो. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी प्रत माल घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी मंडळाकडे जाते आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. राखाडी लागते ती पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तेव्हा, त्याच्या राज्याच्या मंडळासाठी.

सगळ्यात जास्त हरवते ती निळी. ती परत आली नाही तर कचरा योग्य जागी पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही, आणि जबाबदारी तुमचीच राहते. प्रत्येक मॅनिफेस्टसमोर 'निळी आली' असा रकाना ठेवा आणि दर सोमवारी तो पाहा.

वहीत घनमीटर, मॅनिफेस्टवर किलो. म्हणून ड्रमचं वजन वेगळं लिहा. 200 लिटरचा ड्रम 'एक' म्हणून मोजला आणि तो अर्धाच भरलेला होता, असे घोळ इथेच होतात. हा कचरा जागेवर 90 दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवायचा नाही.

तेल सांडलं तर पहिला कागद कोणता?

आधी गळती थांबवा, मग लगेच तोंडी कळवा. कागद त्याच्या मागोमाग. आणीबाणीच्या योजनेत कळवण्याचा ठरलेला नमुना असतो : जहाजाचं किंवा रिगचं नाव, तारीख-वेळ, स्थान, दोष, सांडलेल्या तेलाचा प्रकार आणि अंदाज, वारा-लाटा, मालकाचा संपर्क, पुढचा अहवाल कधी. वेग आणि दिशा हे रकाने उभ्या रिगसाठी कोरे न सोडता 'शून्य' लिहा. आकडा पक्का नसेल तर अंदाज म्हणून द्या, पण आकड्यासाठी फोन थांबवू नका.

समुद्रातल्या गळतीसाठी आपल्याकडे भारतीय तटरक्षक दल हे समन्वयाचं केंद्र आहे. राष्ट्रीय योजना 1996 पासून लागू आहे आणि 2015 मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. तिच्यानुसार प्लॅटफॉर्मभोवतीच्या 500 मीटरमध्ये पहिली जबाबदारी कंपनीची, बंदराच्या हद्दीत बंदराची, आणि खुल्या समुद्रात तटरक्षक दलाची. 700 टनांपर्यंतची गळती पहिल्या स्तरात धरतात आणि तेवढ्याला पुरेल अशी सामग्री स्थानिक पातळीवर हवी. कंपनीची गळती-योजना तटरक्षक दलाने मंजूर केलेली असावी लागते. डिस्पर्संट (तवंग फोडणारं रसायन) फवारण्याआधीही त्यांची परवानगी घ्या. फवारल्यावर मागितलेली परवानगी उपयोगाची नाही.

योजनेत सर्वात आधी शिळी होते ती फोन नंबरांची यादी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबरावर खरोखर फोन लावून बघा आणि लावल्याची तारीख लिहा.

तवंग दिसतो, पण किती तेल आहे ते कसं सांगायचं?

रंगावरून. चंदेरी-राखाडी तवंग 0.04 ते 0.3 मायक्रॉन जाड, म्हणजे चौरस किलोमीटरला 40 ते 300 लिटर. इंद्रधनुषी 0.3 ते 5 मायक्रॉन, म्हणजे 300 ते 5,000 लिटर. धातूसारखी चमक 5 ते 50 मायक्रॉन. त्यापुढे तेलाचा स्वतःचा रंग दिसू लागतो.

समजा 2 किलोमीटर लांब, 100 मीटर रुंद पट्टा आहे आणि त्यातला 60 टक्के भाग इंद्रधनुषी आहे. क्षेत्रफळ 0.12 चौरस किलोमीटर, तेल 36 ते 600 लिटर. अहवालात दोन्ही टोकं लिहा. फक्त खालचा आकडा लिहिला आणि हेलिकॉप्टरमधून दाट पट्टा दिसला, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

वर्षभरात कोणत्या तारखा चुकवायच्या नाहीत?

पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबर. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म 4, 30 जूनपर्यंत. पर्यावरण विवरण, फॉर्म 5, 30 सप्टेंबरपर्यंत. तिन्हींत कचऱ्याचे आकडे येतात आणि तिन्ही वेगवेगळी माणसं भरतात. एकाच तक्त्यातून तिन्ही काढा.

किनाऱ्यावर डांबरगोळे आले किंवा मासेमारी करताना तवंग दिसला, तर कोळीबांधवांनी काय करावं?

तटरक्षक दलाला 1554 वर कळवा. वेळ, जीपीएसवरचं स्थान, पट्ट्याची लांबी-रुंदी, रंग, वाऱ्याची दिशा सांगा. फोटोत बोटीचा एखादा भाग येऊ द्या, म्हणजे माप कळतं. नमुना काचेच्या बरणीत घ्या, प्लास्टिकच्या नको, कारण प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरतात. बरणीवर तारीख-जागा लिहून ती अंधारात, थंड ठेवा. तेलाच्या रासायनिक ठशांवरून ते कुठल्या प्रकारचं आहे हे ओळखता येतं, पण त्यासाठी नमुना स्वच्छ हवा.

कोणती वही किती काळ जपायची?

ऑइल रेकॉर्ड बुक शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं, गार्बेज रेकॉर्ड बुक दोन वर्षं, दोन्ही रिगवरच. मोजणी वही संपल्याच्या तारखेपासून होते, सुरू केल्याच्या नव्हे. पावत्या, मॅनिफेस्टच्या प्रती आणि प्रयोगशाळेचे अहवाल ज्या नोंदीशी संबंधित आहेत त्या पानाच्या क्रमांकाने लावून ठेवा. रिगचा मालक किंवा ठेकेदार बदलला तरी जुन्या वह्या रिगवरच राहतात. हस्तांतराच्या यादीत त्यांचे क्रमांक आणि शेवटच्या नोंदीची तारीख लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.